खरेदीखतातली किंमत आणि सरकारी मूल्य

जमीन, घर किंवा दुकान विकताना खरेदीखतात लिहिलेली किंमत आणि त्या मालमत्तेचे सरकारी मूल्य यांत तफावत पडली, तर आयकर कोणत्या आकड्यावर लावायचा, हा प्रश्न भारतीय आयकर कायद्यात १९६४ साली शिरला. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत त्याला चार वेगवेगळी उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर आयकर अधिकाऱ्याच्या अंदाजावर उभे होते, दुसरे मालमत्ता ताब्यात घेण्याच्या अधिकारावर, तिसरे सरकारने स्वतःच गिऱ्हाईक होण्यावर आणि चौथे मुद्रांक शुल्काच्या दरपत्रकावर. प्रत्येक वेळी रोख लबाडी करणाऱ्यावर होता, आणि प्रत्येक वेळी सरळ व्यवहार करणाऱ्याचे काय, या प्रश्नाशी कायद्याची गाठ पडली.

या साऱ्याच्या मुळाशी भांडवली नफ्यावरचा कर आहे. हा कर भारतात पहिल्यांदा आला तो १९४७ च्या अर्थसंकल्पात, लियाकत अली खान अर्थमंत्री असताना. दोनच वर्षांत, १९४९ मध्ये, तो रद्द झाला. १९५६ साली टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तो पुन्हा आणला. विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत म्हणजे नफा, असा त्याचा साधा हिशेब. पण हा हिशेब दस्तात लिहिलेल्या आकड्यावर अवलंबून होता आणि तो आकडा लिहिणे दोन्ही पक्षांच्या हातात होते. ठरलेल्या किमतीतला काही भाग धनादेशाने आणि उरलेला रोख, असा सौदा झाला की विकणाऱ्याचा भांडवली नफा कमी दिसे, घेणाऱ्याचे मुद्रांक शुल्क वाचे आणि त्याच्याकडचा हिशेबाबाहेरचा पैसा विटांमध्ये जिरे. आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ९७.७५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. त्या दराने कर भरण्यापेक्षा आकडा लपवणे किती फायद्याचे होते, ते वेगळे सांगायला नको.

१९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुळात एकच तरतूद होती. विकणारा आणि घेणारा एकमेकांशी संबंधित असतील आणि कर चुकवण्याच्या हेतूने किंमत कमी लावली असेल, तर अधिकाऱ्याने बाजारमूल्य धरावे, असे ती सांगत होती. १९६४ च्या वित्त अधिनियमाने त्याला दुसरे पोटकलम जोडले. तेव्हा अर्थमंत्री पुन्हा कृष्णम्माचारीच होते. या पोटकलमात ना नात्याची अट होती, ना हेतूची. मालमत्तेचे वाजवी बाजारमूल्य दस्तातल्या किमतीपेक्षा १५ टक्के किंवा त्याहून जास्त निघाले की बाजारमूल्य हीच विक्रीची किंमत समजायची, एवढेच त्यात लिहिले होते. हे अस्त्र खऱ्या, प्रामाणिक व्यवहारांवर उगारायचे नाही, असे अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले होते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही त्याच वर्षी परिपत्रक काढून अधिकाऱ्यांना तसे कळवले. पण कलमाच्या शब्दांत या आश्वासनाचा मागमूस नव्हता.

त्याचा परिणाम एर्नाकुलममधल्या एका घरावर झाला. ते घर १९५८ साली १६,५०० रुपयांना घेतलेले होते. डिसेंबर १९६५ मध्ये मालकाने ते आपली सून आणि पाच मुले यांना विकले, आणि किंमत लावली तीच, १६,५०० रुपये. नफा शून्य, म्हणून करही शून्य. त्या वर्षाची आकारणी पूर्ण झाली. मग आयकर अधिकाऱ्याने ती पुन्हा उघडली, घराचे बाजारमूल्य ६५,००० रुपये ठरवले आणि मधले ४८,५०० रुपये भांडवली नफा म्हणून धरले. मालकाने एक रुपयाही लपवून घेतला, असा आरोप अधिकाऱ्याने कुठेच केला नव्हता. तसा आरोप करण्याची गरजच नाही, कायद्याला फक्त तफावत पुरे, असे त्याचे म्हणणे होते. केरळ उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी मालकाच्या बाजूने निकाल दिला, तर पूर्णपीठाने दोनास एक अशा बहुमताने आयकर खात्याच्या बाजूने.

‘के. पी. वर्गीस विरुद्ध आयकर अधिकारी, एर्नाकुलम’ या नावाने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ४ सप्टेंबर १९८१ रोजी न्या. पी. एन. भगवती आणि न्या. ई. एस. वेंकटरामय्या यांनी निकाल दिला. भारतीय करकायद्याच्या अभ्यासकांना हा निकाल आजही वाचावा लागतो आणि तो तेवढ्या योग्यतेचा आहे. शब्दशः अर्थ लावला तर काय होईल, हे न्यायालयाने एका उदाहरणाने दाखवले. एखाद्याने आजच्या बाजारभावाने घर विकण्याचा करार केला, प्रत्यक्ष खरेदीखत मात्र वर्षभराने झाले, आणि दरम्यान भाव चढले. करारामुळे त्याला जुन्याच भावाने द्यावे लागले. त्याने काहीच लपवले नाही, काहीच जास्त घेतले नाही, तरी शब्दशः अर्थाने त्याला न मिळालेल्या पैशावर कर भरावा लागेल. इतका अन्याय्य अर्थ संसदेच्या मनात असणे शक्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. अर्थमंत्र्यांचे भाषण आणि मंडळाचे परिपत्रक दोन्ही न्यायालयाने आधाराला घेतले आणि निष्कर्ष काढला की १५ टक्क्यांच्या तफावतीबरोबरच दस्तात किंमत कमी दाखवली गेली आहे, हेही सिद्ध झाले पाहिजे. ते सिद्ध करण्याचा भार खात्यावर आहे, करदात्यावर नाही.

त्यानंतर कलम ५२(२) नावापुरते उरले. रोखीने दिलेला पैसा ना पावतीवर असतो, ना बँकेत. तो प्रत्यक्ष मिळाल्याचे सिद्ध करणे खात्याला क्वचितच जमे. १९८७ च्या वित्त अधिनियमाने हे कलम १ एप्रिल १९८८ पासून गाळून टाकले.

मात्र खात्याने दुसरा मार्ग त्याआधीच धरला होता. माजी सरन्यायाधीश के. एन. वांच्छू यांच्या अध्यक्षतेखाली १९७० मध्ये नेमलेल्या प्रत्यक्ष कर चौकशी समितीने काळ्या पैशाचा माग काढताना स्थावर मालमत्तेकडे बोट दाखवले. कमी किमतीचा दस्त झाला असेल तर ती मालमत्ता सरकारने संपादन करावी, ही तिची सूचना होती. त्यानुसार १९७२ च्या दुरुस्ती कायद्याने आयकर कायद्यात प्रकरण २०-ए आले आणि १५ नोव्हेंबर १९७२ पासून लागू झाले. मालमत्तेचे बाजारमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल आणि ते दस्तातल्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक असेल, तर सहायक आयुक्त दर्जाचा अधिकारी संपादनाची कारवाई सुरू करू शकत होता. राजपत्रात सूचना निघे, हरकती मागवल्या जात आणि शेवटी दस्तातली किंमत अधिक १५ टक्के एवढी भरपाई देऊन मालमत्ता सरकारजमा होई. तफावत २५ टक्क्यांवर गेली तर दस्तात खोटी किंमत लिहिल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जाई.

कागदावर ही योजना कठोर होती. अडचण अशी की ती दस्त नोंदल्यानंतर सुरू होत असे. तोवर घेणारा घरात राहायला गेलेला असे, कधी घर पुढे कोणाला विकलेलेही असे. प्रत्येक प्रकरण अपील आणि उच्च न्यायालय यांच्या वाटेने वर्षानुवर्षे चाले. १९८४ साली मर्यादा एक लाखावर नेली, तरी फारसा फरक पडला नाही. ३० सप्टेंबर १९८६ नंतरच्या व्यवहारांना हे प्रकरण लागू राहिले नाही.

१ ऑक्टोबर १९८६ पासून त्याची जागा प्रकरण २०-सी ने घेतली. त्यामागची कल्पना खरोखर हुशारीची होती. दस्त झाल्यावर धावण्यापेक्षा दस्ताआधीच पकडायचे, आणि भांडत बसण्यापेक्षा विकणाऱ्याने लिहिलेली किंमत मोजून मालमत्ता सरकारनेच विकत घ्यायची. किंमत खरी असेल तर विकणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. खोटी असेल तर रोखीचा हिस्सा आपोआप बुडतो. सुरुवातीला मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत दहा लाखांवरच्या व्यवहारांना ती लागू झाली. पुढे पुण्यासह इतर मोठ्या शहरांत ती पसरली आणि मर्यादाही वाढत गेली.

त्या काळात मुंबईत मोठा फ्लॅट घेणाऱ्याला ‘३७-आय’ हा फॉर्म चुकत नसे. विकणारा आणि घेणारा यांनी आधी लेखी करार करायचा, मग दोघांनी मिळून हा फॉर्म ‘समुचित प्राधिकरणा’कडे द्यायचा. प्राधिकरणात तीन सदस्य असत: दोन आयकर सेवेतले आणि एक केंद्रीय अभियांत्रिकी सेवेतला, कारण बांधकामाची किंमत कळणारा माणूस लागे. प्राधिकरणाने विकत घेण्याचा आदेश काढला नाही तर ना-हरकत प्रमाणपत्र मिळे, आणि त्या प्रमाणपत्राशिवाय निबंधकाने दस्त नोंदवायचाच नाही, अशी सक्त तरतूद होती. करार आणि खरेदीखत यांत सुरुवातीला किमान तीन महिन्यांचे आणि नंतर चार महिन्यांचे अंतर ठेवावे लागे. ते महिने दोन्ही पक्ष जीव मुठीत धरून काढत. आदेश निघाला तर घेणाऱ्याच्या हातचे घर जाई. विकणाऱ्याला करारातली रक्कम मिळे, पण हप्त्याने मिळायची रक्कम आजच्या मूल्यात आणताना ठरावीक व्याजदराने कापली जाई. अशा रीतीने घेतलेल्या मालमत्ता सरकार लिलावाने विकत असे.

या प्रकरणातला मोठा दोष म्हणजे आदेश काढण्यापूर्वी कोणाचेही म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद नव्हती. मूळ कलमात कमी किमतीचा उल्लेखसुद्धा नव्हता. प्राधिकरणाला वाटले तर ते घेऊ शके. ‘सी. बी. गौतम विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ नोव्हेंबर १९९२ रोजी प्रकरण २०-सी वैध ठरवले, पण त्यात दोन गोष्टी वाचूनच. एक म्हणजे संबंधितांना नोटीस देऊन ऐकून घेतले पाहिजे. दुसरी म्हणजे हा अधिकार केवळ १५ टक्के किंवा अधिक कमी किमतीच्या संशयावरच वापरता येईल, आणि तो संशय खोडून काढण्याची संधी पक्षकारांना मिळेल. मालमत्ता सर्व बोजांपासून मुक्त होऊन सरकारकडे येईल, हे शब्दही न्यायालयाने बाद केले. नाहीतर घरात वर्षानुवर्षे राहणाऱ्या भाडेकरूचा हक्क त्याच्या अपराधाशिवाय बुडाला असता. सरन्यायाधीश एम. एच. कानिया यांच्या कारकिर्दीचा तो शेवटचा दिवस होता. पुढच्याच वर्षी संसदेने सुनावणीची तरतूद कायद्यात घातली. एर्नाकुलमच्या निकालाप्रमाणेच इथेही संशय आणि शिक्षा यांच्यामध्ये माणसाचे म्हणणे उभे केले गेले.

दरम्यान राज्यांच्या मुद्रांक कायद्यांत वेगळीच घडामोड चालू होती. मुद्रांक शुल्क पूर्वी दस्तात लिहिलेल्या मोबदल्यावर लागत असे. मद्रास राज्याने १९६७ मध्ये बाजारमूल्याची कसोटी आणली आणि हळूहळू बाकीची राज्येही त्या वाटेने गेली. महाराष्ट्रात १९९५ च्या नियमांनी वार्षिक मूल्यदर तक्त्याला पक्के रूप दिले. सामान्य माणूस त्याला ‘रेडी रेकनर’ म्हणतो. गुजरातेत त्याला ‘जंत्री’ म्हणतात, दिल्लीत ‘सर्कल रेट’, तर तमिळनाडूत ‘गाइडलाइन व्हॅल्यू’. नगररचना आणि मूल्यनिर्धारण खात्याच्या मदतीने तयार होणाऱ्या या तक्त्यात शहराचे विभाग आणि उपविभाग पाडलेले असतात आणि प्रत्येकापुढे खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान, औद्योगिक गाळा यांचे दर चौरस मीटरला रुपयांत दिलेले असतात. इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा आणि उंच इमारतीत मजल्याप्रमाणे वाढ, अशा सूचनाही सोबत असतात. दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळणाऱ्या ‘सूची क्रमांक २’ मध्ये ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ हे दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात. या लेखाचा सारा विषय त्या दोन ओळींमध्ये आहे.

हे दर कशासाठी होते? मुद्रांक शुल्काच्या वसुलीसाठी. मालमत्तेची खरी किंमत सांगण्याचा त्यांचा दावा नव्हता. ‘जवाजी नागनाथम’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले होते की आंध्र प्रदेशातल्या मुद्रांक मूल्याच्या नोंदवहीवरून भूसंपादनाची भरपाई ठरवता येत नाही. शेतकऱ्याची जमीन घेताना सरकार या आकड्याला बांधील नव्हते. त्याच सरकारने पुढे शेतकऱ्याकडून, घरमालकाकडून कर घेताना मात्र याच आकड्याला आधार मानले.

२००२ च्या वित्त अधिनियमाने प्रकरण २०-सी १ जुलै २००२ पासून बंद केले आणि कलम ५०सी आणले, जे १ एप्रिल २००३ पासून अमलात आले. भांडवली मालमत्ता असलेली जमीन किंवा इमारत मुद्रांक अधिकाऱ्याने धरलेल्या मूल्यापेक्षा कमी किमतीला विकली, तर ते मूल्य हीच विक्रीची पूर्ण किंमत समजायची. खात्याला काहीच सिद्ध करायचे नाही. प्राधिकरण, लिलाव, सुनावणी काही नको. वर्गीस निकालाने जो भार खात्यावर ठेवला होता, तो एका कलमाने करदात्याच्या खांद्यावर आला.

करदात्याला एक वाट ठेवली गेली. मुद्रांक मूल्य बाजारमूल्यापेक्षा जास्त आहे असे त्याने सांगितले आणि मुद्रांक कार्यालयाकडे त्याने त्याबद्दल वाद घातलेला नसला, तर अधिकारी प्रकरण खात्याच्या मूल्यमापन अधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. त्याने काढलेली किंमत कमी असेल तर ती धरायची, जास्त असेल तर मुद्रांक मूल्यच कायम. मद्रास उच्च न्यायालयाने २००८ मध्ये आणि त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने या कलमाची घटनात्मकता मान्य केली ती बरीचशी या वाटेच्या भरवशावर. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणखी पुढे जाऊन म्हटले की करदात्याला ही मागणी करण्याचे सुचले नाही, तरी अधिकाऱ्याने न्याय्यपणे त्याला ती संधी द्यावी.

सुरुवातीच्या कलमात एक फट होती. ‘धरलेले किंवा ठरवलेले’ मूल्य असे शब्द असल्यामुळे कुलमुखत्यारपत्रावर किंवा नुसत्या करारावर झालेले, नोंदणीपर्यंत न गेलेले व्यवहार निसटत. १ ऑक्टोबर २००९ पासून ‘ठरवता येण्याजोगे’ हे शब्द घालून ती बुजवली. बिल्डर लोकांचे फ्लॅट म्हणजे व्यापारी साठा, भांडवली मालमत्ता नव्हे, म्हणून तेही बाहेर होते. २०१३ मध्ये कलम ४३सीए आणून त्यांनाही आत घेतले.

मग घेणाऱ्याची पाळी आली. १९५८ च्या देणगी कर कायद्यात अपुऱ्या किमतीची विक्री ही देणगी मानली जात असे, पण तो कर देणाऱ्यावर होता, आणि तो कायदा १ ऑक्टोबर १९९८ पासून संपला. २००९ मध्ये विनामोबदला मिळालेली स्थावर मालमत्ता घेणाऱ्याचे उत्पन्न ठरली. अपुऱ्या मोबदल्याचा भागही त्याच वर्षी आणला होता, पण लगेच मागे घेतला गेला. २०१३ मध्ये तो परत आला आणि २०१७ पासून कलम ५६(२)(एक्स) मध्ये व्यक्तींबरोबर कंपन्या आणि भागीदाऱ्यांनाही लागू झाला. जवळच्या नात्यातले व्यवहार मात्र त्यातून वगळलेले आहेत. एर्नाकुलमच्या सुनेला आणि मुलांना घेणारे म्हणून आजही हा कर लागला नसता; विकणाऱ्या सासऱ्याला मात्र कलम ५०सी ने गाठले असते.

याचा हिशेब असा. एका फ्लॅटचा रेडी रेकनरप्रमाणे भाव एक कोटी आणि सौदा ८० लाखांचा. विकणाऱ्याचा नफा एक कोटी धरून काढला जातो. घेणाऱ्याच्या उत्पन्नात २० लाख ‘इतर स्रोतां’खाली मिळवले जातात. तोच २० लाखांचा फरक दोघांच्या हिशेबात येतो, जरी तो प्रत्यक्षात कोणाच्याही खिशात गेला नसला तरी. घेणाऱ्याला एवढाच दिलासा की पुढे तो घर विकेल तेव्हा त्याची खरेदी किंमत एक कोटी धरली जाईल. मालमत्तेवरचा चालू दावा, वाटेचा वाद, आजारपणासाठी तातडीने केलेली विक्री, यांतले काहीही तक्त्याच्या रकान्यांत दिसत नाही. पडत्या बाजारात तर भाव खाली येतात आणि तक्ता जागचा हलत नाही. अशा वेळी खऱ्या किमतीला विकणाऱ्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो, आणि तो फार काळ दुर्लक्षित राहिला.

दुरुस्त्या आल्या त्या तुकड्यातुकड्याने. न्या. आर. व्ही. ईश्वर यांच्या समितीच्या शिफारशीवरून २०१६ मध्ये कलम ५०सी ला परंतुक जोडले गेले. साठेखत आणि खरेदीखत यांच्या तारखा वेगळ्या असतील आणि इसाराची रक्कम बँकेमार्फत दिलेली असेल, तर साठेखताच्या दिवशीचे मूल्य धरता येईल. न्या. भगवतींनी १९८१ साली मांडलेले उदाहरण कायद्याच्या पुस्तकात यायला पस्तीस वर्षे लागली. २०१८ च्या वित्त अधिनियमाने ५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ केली. २०२० च्या अधिनियमाने ती मर्यादा १० टक्के केली. वरच्या उदाहरणात सौदा ९२ लाखांचा असता, तर त्यावरचे १० टक्के मिळवून १ कोटी १ लाख २० हजार होतात, म्हणजे मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त, आणि दोघेही सुटले असते. ही सवलत मागच्या वर्षांनाही लागू होते, कारण ती मूळ कलमातला दोष दूर करणारी आहे, असे आयकर अपीलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने २०२१ मध्ये ठरवले.

कोविडच्या वर्षी घरबाजार थंडावला, तेव्हा महाराष्ट्र सरकारने मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणले आणि केंद्राने बिल्डरकडून पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या दोन कोटींपर्यंतच्या घरांसाठी तफावतीची सूट १२ नोव्हेंबर २०२० ते ३० जून २०२१ या काळापुरती २० टक्के केली. त्याच सुमाराला उगमस्थानी कर कापण्याचे नियमही मुद्रांक मूल्याकडे सरकू लागले: ५० लाखांच्या किंवा त्यावरच्या घरावर घेणाऱ्याने जो एक टक्का कापायचा, तो १ एप्रिल २०२२ पासून मोबदला आणि मुद्रांक मूल्य यांपैकी जो आकडा मोठा त्यावर कापावा लागतो.

१९६१ चा कायदा बाजूला सारून संसदेने केलेला आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्यासाठी आहे. कलमांचे क्रमांक त्यात नवे आहेत, पण मुद्रांक मूल्याची कसोटी, १० टक्क्यांची सूट, साठेखताच्या तारखेचा नियम आणि मूल्यमापन अधिकाऱ्याकडे जाण्याची वाट या चारही गोष्टी तशाच पुढे आल्या आहेत.